आतून न उघडणारं दार

"ताई, या बाजूला कोण बसतं?" गॅरेजमधल्या मिस्त्रींनी माझ्यावर बोट ठेवून विचारलं होतं.

"सासरे बसतात. का हो?"

"मग ही खिटी वर करून देतो. छोटीची खुर्ची पलीकडे आहे, तिकडची राहू दे खाली. म्हाताऱ्या माणसाला आतून दार उघडता आलेलं बरं."

"नको, नको! आमच्या भिंगरीचा काही नेम नाही. आज तिकडे, उद्या इकडे. आणि सासऱ्यांना दार आम्हीच उघडून देतो. त्यांना कधी हात लावावा लागत नाही."

मिस्त्रींनी हातातलं फडकं झटकलं. "बघा बुवा, मी आपलं सांगितलं," असं म्हणून त्यांनी दार लावून टाकलं. मी होते तशी खालीच राहिले.

मित्रांनो, मी एक जुनी खिटी आहे. गाडीच्या मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी बसवलेली, जेमतेम नखाएवढी. मला चाइल्ड लॉक म्हणतात. मला खाली सरकवलं की दार बाहेरून उघडतं, आतून कितीही ओढा, उघडत नाही. माझ्या शेजारी एका लहान मुलाचं चित्र ठसवलेलं आहे. त्याचं डोकं आता झिजून गेलंय, नुसते हातपाय उरलेत.

एका साच्यातून आम्ही चोवीस बहिणी एकदम बाहेर पडलो. कारखान्यातली एक बाई आम्हाला सुटं करायची, बोटाने वर-खाली करून बघायची आणि 'खट्' असा आवाज आला की टोपलीत टाकायची. माझा खट् जरा मोठा आला म्हणून ती हसली होती. तेव्हा मला वाटलं होतं, आता गाडीत बसून खूप जग बघायचं. वाट्याला आली दाराची कड. दार लागलं की एकीकडे पत्रा, दुसरीकडे रबर आणि मधे गच्च अंधार. ऐकू सगळं येतं, दिसत काही नाही. दार उघडून कुणी उतरेपर्यंत जे काय उजेडाचे दोन क्षण मिळतील ते माझे.

तरी माझेही कौतुकाचे दिवस होते. भिंगरी दोन वर्षांची असताना एकदा पट्ट्यातून हात सोडवून घसरत घसरत माझ्या दारापाशी आली आणि वळणावर तिने कडी ओढली. ती ओढ तारेवरून माझ्यापर्यंत आली आणि माझ्यापाशीच संपली. दार हललंसुद्धा नाही. भिंगरीच्या आईने किंचाळून गाडी थांबवायला लावली, बाहेर उतरून माझं दार उघडलं, लेकीला छातीशी धरलं आणि रडता रडता मला बोटाने चाचपलं. "ही होती म्हणून गं बाई," असं ती त्या आठवड्यात पाच-सहा जणींना फोनवर सांगत होती. मी अंधारातल्या अंधारात फुगून गेले होते.

पुढे मला सगळे विसरले. बिस्किटांचा चुरा माझ्या खाचेत बसला. कधीतरी फळांचा रस सांडला, त्याने मी महिनाभर चिकट होते. भिंगरी चार वर्षांची झाली, पट्टा स्वतः लावायला शिकली. मिस्त्रींनी सुचवूनही मला वर करायचं मात्र घरात कुणाच्या मनात आलं नाही. आई तशी फार जपणारी. निघण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघून यायची, औषधांची पिशवी दोनदा उघडून पाहायची. तिचं सगळं लक्ष भिंगरीवर, आणि भिंगरीवरून नजर काढायची तर तिला भीतीच वाटायची.

भिंगरीच्या बाबाला निराळाच नाद होता. गाडीत नवीन काही लावलं नाही असा महिना जायचा नाही. पुढे पडदा, मागे कॅमेरा, चाकात हवा भरायचं यंत्र, वायर लावली की थंड होणारा डबा. पट्टा लावला नाही की गाडी टुण् टुण् करायची, दार अर्धवट राहिलं की करायची, दिवा चालू राहिला की करायची. "आपली गाडी म्हणजे बायकोसारखी आहे, सारखी टोकते," असं तो म्हणायचा आणि शेजारून आईची चापट खायचा.

आणि माझ्या दाराशी बसायचे आबा, म्हणजे भिंगरीचे आजोबा. आबांनी सगळी नोकरी एका पंख्याच्या कारखान्यात केली. निवृत्त होताना त्यांना कारखान्याचे थोडेसे शेअर मिळाले होते. ते त्यांनी ना कधी विकले, ना त्यांचं काही केलं. पण शेअर बाजाराच्या बातम्या ते मोबाइलवर मोठ्याने लावून ऐकायचे. निर्देशांक चढला, व्याजदर वाढला, अमक्याचा नफा घटला, असलं सगळं. दिवसातून एकदा त्या यादीत कारखान्याचं नाव यायचं. मग आबा मांडीवर थाप मारायचे, "आहे, अजून आहे!" आणि फोन खिशात टाकायचे. जुन्या मित्राची खुशाली कळावी तसं.

"आबा, आवाज कमी करा ना," आई म्हणायची. "भिंगरी आत्ता झोपलीय."

"आबा, तो माणूस बातम्या देतोय की लिलाव करतोय?" बाबा म्हणायचा.

शेवटी आबांच्या वाढदिवसाला बाबाने त्यांना कानात घालायची ती बिनवायरची बोंडं आणून दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनाही ती आवडली असं ते म्हणाले. तेव्हापासून मागच्या सीटवर आबा आहेत की नाहीत, हे कळायला मागे वळून बघावं लागायचं. मांडीवरची थापसुद्धा हळू पडायला लागली.

त्या दिवशी बाबाने रजा काढली होती आणि सगळे तळ्याकाठच्या बागेत जेवायला निघाले. आईने पहाटे उठून सँडविच केली होती, उकडलेली अंडी, केक, शिवाय थंड डब्यात आंब्याचं आइस्क्रीम. भिंगरीने वाटेत उलटी केली. गाडी थांबते न थांबते तोच आईने पुढून उतरून पलीकडचं दार उघडलं, तिला उचललं आणि नळाकडे धावली. बाबाने डिकीतून टोपल्या, चटई, डबा, सगळं दोन्ही हातांत आणि काखेत घेतलं. आबा दार उघडायची वाट बघत बसले होते. कानात बोंडं, मांडीवर फोन. रोज कुणीतरी उघडतं, आजही उघडेल. बाबाला वाटलं, आईने उतरवलं असेल. आईला वाटलं, बाबा उतरवेल.

टुंक टुंक. गाडीला कुलूप लागलं. पावलं लांब गेली.

मित्रांनो, इतकं सगळं टोकणारी ती गाडी, मागे आख्खा माणूस राहिला तर हूं की चूं केलं नाही तिने.

पाच मिनिटं आबा शांत बसले. मग कडी ओढली. ती ओढ माझ्यापर्यंत आली, आणि मी तिला थांबवलं. मला तेवढंच येतं. दोन वर्षांच्या पोरीची ओढ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची ओढ मला सारखीच लागते. आबांनी पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी. मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मोडून जावंसं वाटलं. पण मी चांगल्या साच्यातली, मजबूत निघाले.

पुढच्या सीटवर जावं तर आबांचे गुडघे आखडलेले, आणि मधे पिशव्यांचा ढीग. काच बटणाची, गाडी बंद असल्यावर ती खाली येत नाही. बरं एवढंच, की आबांना वारा लागतो म्हणून ती बोटभर उघडी होती. त्यांनी काच वाजवली. बाहेर कुणाचं तरी पोर थांबलं असावं.

"अरे, टाटा काय करतोस बाळा," आबा म्हणाले. "आईला बोलाव तुझ्या. अरे..."

पोर टाटा करून निघून गेलं.

आबांनी मुलाला फोन लावला. पुढच्या सीटवरच गाणं वाजायला लागलं. फोन चार्जिंगला लावून बाबा तसाच गेला होता. मग सुनेला लावला. वाजला, आणि कापला गेला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. पुन्हा कापला गेला. तिसऱ्यांदा नुसता वाजत राहिला. झाडाची सावली आता सरकली होती. पत्रा माझ्या पाठीला भाजायला लागला. आबा "अहो... कुणी आहे का?" म्हणत होते, पण त्यांचा आवाज मुळात बारीक, त्यात घसा कोरडा पडलेला. आमच्याजवळून चार-पाच कुटुंबं हसत बोलत गेली. मग कितीतरी वेळ आतून काहीच आवाज आला नाही. कडीवर हात होता, पण ओढ नव्हती.

आणि मग एकदम माझ्या डोक्यावर ओरडल्यासारखं झालं, "आज बाजारात जोरदार घसरण!" आबांनी कानातली बोंडं काढून टाकली होती, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला होता आणि फोन काचेच्या फटीला लावून धरला होता.

वाहनतळावर पावत्या फाडणाऱ्या मावशी तरातरा आल्या.

"कोण हा शहाणा, गाडीत बाजारभाव लावून हिंडायला गेलाय! दुपारचं जरा टेकू म्हटलं तर... अगं बाई! आजोबा! अहो, दार उघडा की!"

"आतून उघडत नाही हो," आबा म्हणाले.

मावशींनी बाहेरून दार खेचलं. लगेच गाडी भोंगा वाजवून बोंबलायला लागली. आत्ता कुठे तिला कंठ फुटला! मावशींनी आपला रुमाल बाटलीतल्या पाण्याने चिंब भिजवला आणि फटीतून आत सरकवला. "मानेवर ठेवा, आजोबा. चोखा थोडा, लाजू नका. माझ्याशी बोलत राहा. काय पडलं म्हणता बाजारात?" आणि मान वळवून त्या तिकिटाच्या खिडकीकडे ओरडल्या, "अहो, माइकवर नंबर पुकारा या गाडीचा! पळा!"

तिकडे तळ्याकाठी काय चाललं होतं, ते मला परतीच्या वाटेवर कळलं. आईने चटईवर कागदी ताटल्या मांडल्या होत्या. भिंगरीची, बाबाची, आपली. चौथ्या ताटलीत तिने आबांसाठी कडा काढलेलं सँडविच ठेवलं आणि ती ताटली कुणाच्या हातात द्यायची म्हणून वर बघितलं.

"आबा कुठेत?"

"तुझ्याबरोबर नव्हते?"

"माझ्याबरोबर? मी भिंगरीला घेऊन धावले ना! दार तू उघडतोस त्यांना!"

तेवढ्यात माइकवर नंबर ऐकू आला. बाबा म्हणे उठून म्हणाला, "गाडी आडवी लागलीय वाटतं." आई तोवर पळत सुटली होती.

किल्ली बाबाकडे राहिली, म्हणून ती अर्ध्या वाटेतून ओरडत परत फिरली आणि पुन्हा धावली. टुंक टुंक झालं. बाहेरून तिने एका बोटाने दार उघडलं. हो मित्रांनो, एका बोटाने. बाहेरून मी कधीच कुणाला अडवत नाही.

उजेड आला तेव्हा आबांचा सदरा अंगाला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. हात अजून कडीवरच होता. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"अगं, पळत कशाला आलीस? पडली असतीस."

आई दाराशी गुडघ्यांवरच बसली. मावशींनी आबांना धरून सावलीत नेलं, घोट घोट पाणी पाजलं. बागेत फिरायला आलेले एक डॉक्टर बोलावले. त्यांनी नाडी बघितली, पंधरा मिनिटं शेजारी बसले आणि म्हणाले, "थोडक्यात निभावलं. आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

"हाका का नाही मारल्या, आबा?" बाबाने विचारलं.

"मारल्या की. फोनही केला." मग सुनेकडे बघून ते हळूच म्हणाले, "तू कापलास तेव्हा म्हटलं, कामात असशील."

"मी व्हिडिओ काढत होते हो, केकचा," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही तिकडे झाडाखाली बसलायत आणि बाजार पडलाय हे सांगायला..."



निघताना ती माझ्यापाशी आली. दार सताड उघडं होतं. मिस्त्रींचे शब्द तिला आठवले असणार, कारण ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग किल्लीच्या टोकाने तिने माझ्या खाचेतला चुरा काढला आणि मला वर ढकललं. इतक्या वर्षांनी, खट्.

त्या संध्याकाळी घरासमोर गाडी थांबल्यावर सगळे उतरले, आबा बसूनच राहिले. बाबा दार उघडायला धावला तर त्यांनी हात करून त्याला थांबवलं. आतून कडी ओढली. दार उघडलं. त्यांनी ते परत लावलं, परत उघडलं. भिंगरीला हा खेळ फार आवडला. ती म्हणाली, "आबा, आता माझी पाळी!" आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला.

म्हणून भिंगरीच्या बाजूची माझी बहीण अजून खालीच आहे, आणि ते योग्यच आहे. मी वर आहे, रिकामी. कानातली बोंडं कुठल्याशा खणात पडलीत. गाडीत बाजाराच्या बातम्या धो धो लागतात, बाबा कुरकुरतो, पण कारखान्याचं नाव येईपर्यंत कुणी बंद करत नाही. आई आता गाडीला कुलूप लावायच्या आधी तीनदा विचारते, "आबा उतरले?" आबा घरीच राहिलेले असतात तेव्हासुद्धा विचारते. मावशींचा रुमाल धुऊन, घडी करून तिने पुढच्या कप्प्यात ठेवलाय. तो परत द्यायला ती दोनदा जाऊन आली. मावशींनी तो घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीच्या दारातही माझी एखादी बहीण असेल. पुढच्या वेळी दार उघडाल तेव्हा तिच्याकडे बघा, आणि त्या बाजूला हल्ली कोण बसतं ते आठवा. तिला वय कळत नाही. तुम्हाला कळतं.

आणि तुमच्या घरात कुणी असेल, ज्यांना तुम्ही कधीतरी "आवाज कमी करा" म्हणालात आणि ज्यांनी तो खरंच कमी केला. शेवटचा त्यांचा आवाज कधी ऐकलात? हे पान इथेच उपडं ठेवा आणि त्यांच्या खोलीत एकदा बघून या.