मनका

उद्या सकाळी दहाला नळी घालायची ठरली होती. नाकातून थेट पोटात. हुपरीत तीस वर्षे मान वाकवून पैंजणांचे सांधे जोडणाऱ्या फक्रुद्दीनच्या मानेत हाड वाढले होते, ते अन्ननलिकेला मागून रेटत होते. घास उतरत नव्हता.

"पर डाक्टरसाब, मनका दोन सालापास्नं असाच हाय," त्याची बायको जुलेखा म्हणाली. "घास अडकाय लागला तो काम सुटल्यावर. बोलत न्हाईत, भिंतीकडं तोंड करून पडत्यात."

"मनका नव्हे बाई, मणका." मोठ्या डॉक्टरांच्या मागे उभे असलेले विद्यार्थी शास्त्राला शोभेल इतपत हसले. डॉक्टरांच्या पदवीधर कानाला न आणि ण यांतला फरक अचूक ऐकू आला. बाईने सांगितलेला काळ मात्र ऐकू आला नाही.

दुपारी त्याच्याच कारखान्यातला बाळासो कारागीर नवे पैंजण घेऊन आला. "चाचा, बघा की जरा."

फक्रुद्दीनचा अंगठा सांध्यावरून फिरला. कित्येक आठवड्यांनी त्याचे तोंड भिंतीपासून वळले.

"ह्ये कुणी जोडलं?"

"मीच की."

"चांदी जोडलीस का शेण लिंपलंस रं गाढवा?"

शिवी संपून तो श्वास घ्यायला थांबला, तोच जुलेखाने पेजेचा चमचा पुढे केला. घास उतरला! दुसरी शिवी, दुसरा चमचा. ठसका नाही. वाटीचा तळ दिसला तशी ती अनवाणीच व्हरांड्यातून धावत सुटली.

"संपली! डाक्टरसाब, समदी पेज संपली!"

डॉक्टर आले. दुसरी वाटी आली. सगळे टक लावून, चिडीचूप. पहिल्याच चमच्याला फक्रुद्दीनला ठसका लागला, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर शास्त्र परत आले.

"ऱ्हाऊ द्या चाचा," बाळासो हळूच म्हणाला. "तुमच्या जागंवर उद्यापास्नं मीच बसतो."

"तू? तंगडं मोडीन!"

चमचा गेला, उतरला. आणखी एक. आणखी!

डॉक्टरांनी वाटी उचलून तिचा तळ पाहिला. मग त्यांनी कागदावरची नळी खोडली. "हाड आहेच," ते म्हणाले, "पण त्याच्यावर दुःखही बसलं होतं. आठ दिवस पाहू. बाळासो, तुम्ही रोज या."

"रोज सांधा बिघडवून आणू व्हय?"

"बिघडवाय कशाला लागतंय तुला?" फक्रुद्दीन खेकसला, आणि चमच्यासाठी त्याने तोंड उघडले.