शेंदराखालची नळी

भिमाजींची एकनळी बंदूक उद्या सकाळी पुण्याला जाणार होती, आणि कुंडलिकचं मन अजून थाऱ्यावर नव्हतं.

कुंडलिकचे वडील भिमाजी जाऊन वर्ष उलटलं होतं. खेटे घालघालून परवाना कुंडलिकच्या नावावर झाला, पण हाती आला तो शेंदराचा दांडका. वारूळवाडीत खंडेनवमीला सगळेच हत्यारांना हळदकुंकू वाहतात; भिमाजींचं तेवढ्यावर भागत नसे. दरवर्षी तेलात कालवलेला शेंदूर ते नळीवर चोपडत आणि घरादाराला तिच्या पाया पडायला लावत. बंदुकीचा पार देव करून ठेवला होता म्हाताऱ्यानं!

कुंडलिकचा मुलगा आदेश हट्टाला पेटला होता. मागच्या उसात बिबट्या ठाण मांडून होता, शेजारच्या चिमाजीची कालवड त्यानं नेली होती. "आप्पा, पुण्यात नळी घासून, पॉलिश करून, नवा काळा रंग चढवून देत्यात. निदान हवेत बार काढाया तरी यील."

आडवे आले रामनाथकाका, भिमाजींचे धाकटे भाऊ. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, असं घरात सगळे सांगत. "शेंदूर काढायचा न्हाई," एवढंच म्हणत. कारण विचारलं की गप्प. कुंडलिकला त्यांचा संताप येई, कारण पूजेच्या वेळी हेच काका गोठ्यात जाऊन बसायचे. देवाच्या पाया पडायचं नाही आणि शेंदूर मात्र राखायचा, ही कसली भक्ती?

दिवेलागणीला गोठ्यातल्या शेळ्या एकाएकी ओरडायला लागल्या. कुंडलिकची बायको अंजना धार काढायला आत गेली होती.

"अवो! दारातच हाय त्यो!"

घर आणि गोठा यांच्या मधे, वैरणीच्या ढिगाशी बिबट्या दबा धरून बसला होता. कुंडलिकनं बंदूक उचलली, काडतूस भरलं, अंगणात येऊन नळी आभाळाकडे केली आणि घोडा ओढला. चापावर बोट गेलं तोच काकांनी मागून नळीला झोंबून ती खाली ओढली.

"सोडा काका! अंजना आत हाय!"

"बार काढू नको! तोंड फुटंल तुझं!" काकांनी उजवा पंजा त्याच्या डोळ्यांपुढे धरला. दोन बोटं नसलेला पंजा. "ही कडबाकुट्टीत न्हाई गेली. हिनं नेली!"

कुंडलिकनं चापावरचं बोट काढलं. तेवढ्यात आदेशनं ट्रॅक्टर चालू करून हॉर्न दाबून धरला. बिबट्या उठला, त्यानं एकदा वळून बघितलं आणि तो बांधावरून उसात गेला. अंजना बाहेर आली आणि ओट्यावर बसली. चरवी अजून तिच्या हातातच होती.

कुंडलिकनं काडतूस काढलं, रॉकेलचा बोळा घेतला आणि शेंदूर खरवडायला सुरुवात केली. थर निघाले तशी काडतुसाच्या घराजवळ नळीला लांबलचक भेग दिसली.

"बार काढताना माज्या हातात नळी फाटली, तवा भिमादादा म्हनला, बंदूकवाल्याचं घर म्हनून गावात मान हाय, बोटांचं कुटं बोलू नको," काका म्हणाले. "मग शेंदूर फासला. देव झाला म्हंजी कुनी बार काढनार न्हाई."

"आन तुमी गप ऱ्हायला?"

"थोरला भाऊ व्हता."

कुंडलिकला आयुष्यात पहिल्यांदा बापाची चीड आली. असला कसला मान, की त्यासाठी भावाची बोटं झाकायची आणि पोराच्या हातात मरण द्यायचं!

आदेश चाचरत म्हणाला, "पुण्यात भेग बुजवून बी देत्यात म्हनं. वरनं पॉलिश मारलं की दिसायची न्हाई."

"दिसत नव्हती म्हनूनच आज माज्या तोंडाशी आली व्हती." कुंडलिकचा आवाज चढला. "पॉलिश न्हाई, रंग न्हाई. उद्या अशीच उघडी पोलीस ठाण्यात जमा करायची. कुनी इचारलं तर बोटांचं खरं काय ते सांगायचं. काका, तुमी संगं यायचं."

काका जवळ येऊन बसले.

"आन हिकडं त्यो बोळा," ते म्हणाले, आणि उरलेल्या तीन बोटांनी शेंदूर पुसायला लागले.