पाठीवरची जागा

भाताच्या कुकरनं फुस्सकन वाफ सोडली, आणि थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर निपचित पडलेली सोदाम खुदकन हसली.

"अहो आई, माझ्या पाठीचंही असंच फुस्स झालं बघा!"

"हस बाई, हस. काल दिवसभर उकिडवी बसून कोबीला मीठ चोळत होतीस, तेव्हा तोंड शिवलं होतं?" सासूबाईंनी डोळे वटारले.

शिवलंच होतं. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं घालायचं, थोरल्या बायका जमिनीवर बसलेल्या. मग सुनेनं उठायचं कसं? शेवटी परात उचलायला वाकली आणि कंबरेतून पोटरीपर्यंत सणकन कळ गेली.

सकाळी डॉक्टरांनी समजावलं होतं, "होत्तकचा गोड, भरलेला पोळा तव्यावर दाबला की कडेनं गुळाचा पाक डोकावतो ना? तुमच्या दोन मणक्यांमधल्या गादीचं तसंच झालंय. तो फुगवटा नसेला टोचतोय. बहुतेकदा आपसूक ओसरतो. पण नुसतं लोळायचं नाही, थोडं थोडं चालायचं. वाकून काही उचलायचं नाही. आणि लेकीला पाठीवर घेणं काही आठवडे बंद!"

ते ऐकून चार वर्षांच्या हारामनं दवाखान्यातच भोकाड पसरलं. संध्याकाळी दुपट्यात बांधून आईच्या पाठीवरून गल्लीत एक फेरी, हा तिचा हक्क होता. सोदामलाही त्या फेरीवाचून दिवस संपल्यासारखा वाटत नसे.

मीठ लावलेला कोबी अजून मसाल्याची वाट बघत होता. सोदाम कुशीवर वळून हळूच उठली आणि तिनं सासूबाईंना परात चक्क जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावली.

"उभ्यानं किमची? लोक काय म्हणतील!"

"त्यांच्या पाठी दुखल्या की तेही उभे राहतील."

सासूबाई कुरकुरत उभ्या राहिल्या आणि जरा वेळानं गुणगुणायलाच लागल्या. "अगं, माझे गुडघे कुठे गेले? आवाजच नाही त्यांचा!" मिरचीनं दोघींची नाकं लाल झाली. मधूनमधून खोलीत फेऱ्या मारताना सोदामची पोटरीतली कळ वर सरकून कंबरेशी येऊन बसली. ही चांगली खूण, असं डॉक्टर म्हणाले होते.

तेवढ्यात हाराम दुपटं घेऊन हजर. "हसतेस म्हणजे बरी झालीस! घे मला."

सोदामचे गुडघे सवयीनं वाकले. मग तिनं मन घट्ट केलं आणि एक गुबगुबीत कोबी हारामच्याच पाठीला बांधला. हाराम डुलत डुलत अंगाई म्हणू लागली. मिठाचं पाणी टपटप गळत होतं.

"आजी, बाळानं शू केली!"

"आईवर गेलंय," सासूबाई म्हणाल्या. सोदामनं हसू आवरत टेबल गच्च धरलं.

हाराम कोबीला थोपटता थोपटता थांबली.

"आई, तुझी पाठ बरी होईपर्यंत मी मोठी झाले तर?"