आल्विनचे नऊ मीटर

ओटिली क्रानर्ट बर्लिनच्या एका फिल्म कंपनीत फिती कापून चिकटवायचं काम करायची. बारा वर्षांत तिचे हात डोळ्यांना विचारायचे थांबले होते. त्या सकाळी गुप्तहेराच्या मालिकेचा तिसरा भाग पोलिसांच्या तपासणीतून परत आला. सोबतच्या कागदावर हुकूम होता: तिजोरी उघडण्याचा तुकडा, नऊ मीटर, कापून जमा करावा.

त्या तुकड्यातला चोर म्हणजे तिचा आल्विन. तीन महिन्यांपूर्वी तो आघाडीवर मारला गेला होता.

"नट कशाला घेता, साहेब? माझा मुलगा अस्सल कुलूपकारागीर आहे," असं तिनेच तोऱ्यात सांगितलं होतं. आल्विनने कुलूप खरंच उघडलं, आणि नेमकी त्याचीच पोलिसांना धास्ती वाटली. एखाद्या नटाने नुसती खाटखूट केली असती तर कुणी हात लावला नसता. त्याच पोराला माणसं मारायला शिकवून धाडलं ते चाललं, पण कुलूप कसं उघडतात ते लोकांनी पाहिलेलं चालत नाही!

ओटिलीने फीत उजेडासमोर धरली. सगळी पाठ आणि हात. अगदी शेवटच्या एका चित्रात मात्र कुलूप उघडल्याच्या आनंदात तो वळून हसला होता. घरी त्याचा फोटो होता तो लष्करी टोपीतला, ओठ मिटलेला. हसणारा आल्विन जगात एवढाच उरला होता, नखाएवढा.

तो घरी न्यायचाच, असं तिने ठरवलं. जमण्यासारखं होतं. दोन तुकड्यांचा सांधा करताना टोकाचं एक चित्र खरवडून डिंकाखाली जातंच, त्यामुळे एका चित्राचा हिशेब कुणी ठेवत नसे. तिने त्या हसऱ्या चित्राच्या अलीकडे कात्री मारली. आता ते पुढच्या फितीच्या टोकाला लटकत होतं. पलीकडे आणखी एक काप, की झालं.

"क्रानर्टबाई, उरका हो!" दारातून कंपनीचे ल्युबकेसाहेब ओरडले. "तुकडा न्यायला आलेला पोलीस ताटकळलाय. त्याला लढाईच्या टंचाईतली कॉफी दिली तर म्हणतो, ही ओकाची फळं भाजून केलीय का?"

"झालंच, साहेब!"

हातांनी सवयीने रोजचंच केलं. टोक ओलं केलं, पात्याने खरवडलं, डिंक लावून दाबलं. पात्यावर काळपट चिखल आला तेव्हा तिला कळलं. हसऱ्या चित्राच्या जागी काच दिसावी तशी कोरी फीत होती. "अगं बाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ल्युबकेसाहेबांनी फीत उजेडाला धरली. "वा, बाई! काय सांधा लावलाय! इथे कुणी होतं असं वाटतसुद्धा नाही."

"माझा मुलगा होता, साहेब."

साहेबांना वाटलं, बाई लढाईचं बोलतेय. त्यांनी हळूच टोपी काढली. "ठाऊक आहे हो," ते म्हणाले, आणि नऊ मीटरचं भेंडोळं पोलिसाला द्यायला घेऊन गेले.