जलकन्यांखालचा खडक

हिलेगोंड समुद्री राक्षस असे रंगवायची, की गिऱ्हाईक नकाशातला देश विसरून त्यांच्याकडेच बघत बसे. नवरा वारल्यावर ती ॲमस्टरडॅममध्ये लुबर्टच्या नकाशाघरात रंगकामाला लागली होती. धनिकांच्या भिंतींवर तिचे देवमासे, तिच्या जलकन्या, तिची पिसांचे मुकुट घातलेली माणसं मिरवत होती.

त्या हिवाळ्यात मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या एका मातबर मंडळीने आपल्या जहाजांचे गुप्त नकाशे लुबर्टकडे रंगवायला दिले. त्यांवर नक्षी नव्हती. नुसते किनारे, पाण्याची खोली आणि धोक्याच्या जागा. हिलेगोंडला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागली. आतलं बाहेर गेलं तर तिला तुरुंग आणि मालकालाही. शहराचे न्यायाधीश त्या मंडळीच्याच पंगतीला बसणारे. काम संपेपर्यंत तिने माडीवरच राहायचं ठरलं. दाराला बाहेरून कडी.

जेवण मालकीण आफ्ये वर आणून द्यायची.

"अशी तोंड पाडून बसू नकोस गं," ती म्हणायची. "शेगडी आमच्यापेक्षा तुझीच छान पेटते."

"खुराड्यातही ऊब असते, बाईसाहेब."

एके सकाळी जावा बेटाच्या वाटेचा नकाशा तिच्यापुढे आला. दक्षिणेकडच्या किनाऱ्यासमोर बारीक फुल्यांची रांग होती: पाण्याखालचे खडक. ही जागा तिच्या हाताला पाठ होती. बाजारात विकायच्या नकाशांत नेमकी तिथेच एक नक्षीची चौकट असे. भोवती शिंपले, दोन बाजूंना जलकन्या, मधोमध गोऱ्या व्यापाऱ्यापुढे फळांच्या टोपल्या ठेवणारी हसरी माणसं. ती चौकट तिने कितीदा तरी रंगवली होती.

तिने लुबर्टला विचारलं, "मालक, चौकट इथेच का काढता?"

"रिकामा समुद्र शोभत नाही."

"रिकामा नाहीये तो."

लुबर्टने रंग कालवायच्या शिंपल्या उगाच सारख्या केल्या. "मंडळीचा जुना हुकूम आहे. दुसऱ्या कुणाची जहाजं त्या वाटेने गेली, तर परत येऊ नयेत."

हिलेगोंडने कुंचला खाली ठेवला. तिचा धाकटा भाऊ वीब्रांत अशाच एका परक्या जहाजावर तांडेल होता. बर्फ वितळलं की तो निघणार होता, आणि नकाशा त्याला तिनेच भेट दिला होता. स्वतः रंगवून.

तो निरोप घ्यायला आला, तेव्हा लुबर्टने भेट होऊ दिली. पण जिन्यात, स्वतः दोघांच्या मध्ये उभं राहून.

"ताई, तुझ्या जलकन्या कप्तानाच्या खोलीत लावल्यात," वीब्रांत हसत म्हणाला. "सगळे खलाशी येता-जाता टोपी काढतात त्यांना."

"तू नको काढूस. तुला लगेच सर्दी होते."

लुबर्ट खाकरला. "झालं असेल बोलून तर..."

वीब्रांत वळला, दोन पायऱ्या उतरला. तिला राहवेना.

"वीब्रांत! त्या जलकन्यांखाली खडक आहेत. तिकडून जाऊ नका रे."

लुबर्टचा चेहरा पांढराफटक पडला. वीब्रांत एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

"जा आता," ती म्हणाली. "पळ."

तो गेल्यावर लुबर्ट पायरीवरच बसला. "माझी पोरंबाळं आहेत, हिलेगोंड."

"आणि मला हा एकच भाऊ आहे."

त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याचीही मान त्याच फासात होती. पण नकाशांचं काम संपलं, तरी कडी निघाली नाही. रविवारी आफ्ये तिचा दंड धरून तिला चर्चला नेई, तशीच परत आणी. दाद मागायची तरी कुणाकडे? तक्रारीचा पहिला शब्दच कबुलीजबाब ठरला असता.

दोन हिवाळे गेले. एके दुपारी खालून ओळखीचा आवाज आला.

"माझी बहीण कुठंय?"

"हार्लेमला गेली, नातेवाइकांकडे," आफ्ये सांगत होती.

हिलेगोंड दाराशी धावली. हाक ओठांवर आली होती. पण हाक ऐकली की तो दार फोडणार, शिपाई येणार, जहाज कसं वाचलं ते विचारणार. तिने ॲप्रनच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला आणि त्याची पावलं पुलावरून दूर जाईपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिली.

संध्याकाळी आफ्ये वाटाण्याचं सूप घेऊन वर आली. तिला मान वर करवत नव्हती.

"अंगाने भरलाय गं," ती हळूच म्हणाली. "दाढी ठेवलीय."

हिलेगोंडने सूप बाजूला सारलं आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"बसा," ती म्हणाली. "कोट कसला होता, तेही सांगा."