बिननावाचा कंप्युटर

हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या माझ्या दुकानात लोक दोनच कारणांनी येत. एक, कंप्युटर बंद पडला म्हणून. आणि दुसरं, आपण त्याला काहीच केलेलं नाही हे मला पटवायला. बेलूरच्या कारखान्यात पाच वर्षं सर्किट बोर्ड तपासून मग मी हे दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यामुळे 'काही केलं नाही' या वाक्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण २००३च्या जूनमध्ये किरण आला तो तिसरंच काहीतरी घेऊन.

"स्वातीअक्का, एका कंप्युटरचे दोन करून द्या की."

"करवतीनं?" मी विचारलं.

तो हसला नाही. प्रकरण घरचं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

कमरीपेठेत विठ्ठलरावांचं भांड्यांचं दुकान कुणालाही विचारा, दाखवतील. तीन पिढ्यांमागे हे लोक मिरजेकडून हुबळीला आले. आदल्या वर्षी विठ्ठलराव गेले आणि महादेव व किरण या त्यांच्या दोन मुलांनी दुकानात मधोमध फळ्या ठोकल्या. वाटणी रीतीप्रमाणे झाली: थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. रीत शहाणी आहे, वाटे करणाऱ्याला लबाडी करून चालत नाही. त्यामुळे भांडण असं झालंच नाही. फक्त बोलणं थांबलं, आणि मला तर ते भांडणाहून वाईट वाटतं. भांडणात निदान माणसं एकमेकांकडे बघतात तरी.

भांडेवाल्यांच्या घरात बिननावाची वस्तू नसते. गिऱ्हाइकांच्या लग्नातल्या ताटवाट्यांवर नावं घालता घालता त्यांचा हात घरातही थांबत नाही. वाटणीनंतर दोघांनी विजेचं मशीन फिरवून आपापल्या वाट्यावर नावं कोरली. बंबावर महादेव, घंगाळावर किरण, चिमटासुद्धा सुटला नाही. सुटला तो एक कंप्युटर. विठ्ठलरावांनी तो घेतला तेव्हा विकणाऱ्यानं बजावलं होतं, यावर नाव घालाल तर वॉरंटी जाईल. वॉरंटी संपायच्या आत विठ्ठलरावच संपले.

त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी तो कंप्युटर आपल्या मधल्या खोलीत आणवला आणि दोघांना सांगितलं, "याची वाटणी न्हाई. दुसराबी आणायचा न्हाई. घरात एक वस्तू तरी दोघांची राहू दे."

अडचण अशी की दोघांना तो निरनिराळा हवा होता. महादेवला पत्रिका मांडायचा नाद. त्याचा कुंडलीचा जुना प्रोग्रॅम विंडोज ९८ वरच नीट चालायचा. किरणला गिऱ्हाइकांना भांड्यांचे फोटो पाठवायचे होते, त्याला नवी एक्सपी हवी होती. त्यात महादेवची मुलगी सायली इंजिनियरिंगला. तिला कॉलेजच्या कामासाठी लिनक्स पाहिजे होतं. एका डिस्कवर तिन्ही बसतात. डिस्कचे तीन भाग करायचे, एकेका भागात एकेक बसवायचं, आणि सुरू करताना यादी येते, त्यातनं आपलं निवडायचं. मी हे मधल्या खोलीत बसून सांगितलं तेव्हा दोघे भाऊ माझ्या दोन बाजूंना बसले होते आणि माझ्यातूनच बोलत होते.

"त्यांना सांगा, मग अण्णाच्या घराला दोन वाटे झाले," किरण म्हणाला. ज्याला सांगायचं तो अण्णा, म्हणजे थोरला महादेव, हातभर अंतरावर होता.

"त्याला सांगा, पोरीचा वाटा काढून टाकतो," महादेव म्हणाला.

"मी काय टेलिफोन आहे?" मी म्हणाले.

गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. "सायलीचं माझ्या वाट्यातलं," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय त्यात? घाला तिचं."

महादेवनं वाटे केले. चाळीस जीबीच्या डिस्कचे पंधरा, पंधरा आणि आईचे दहा. किरणनं लगेच पहिला भाग मागितला, कारण रीतीप्रमाणे आधी तो. इथे मात्र मला मोडता घालावा लागला. विंडोज बसवताना जुनी आधी बसवायची असते. नवी आधी बसवून मग जुनी घातली तर जुनी सरळ दार अडवून बसते, नवी आत आहे हे तिच्या गावीही नसतं. नवीला मात्र जुनीची ओळख असते, ती तिला सांभाळून घेते.

"अक्का, तुम्ही अण्णाच्या बाजूनं बोलताय."

माझं डोकंच फिरलं. "या डब्याला तुमची वाटणी माहीत नाही, किरण. त्याला तुमचे वडीलही माहीत नाहीत. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा." त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. मग आधी ९८, मग एक्सपी आणि शेवटी लिनक्स, असं मी दिवसभरात बसवलं.

नंतर यादीत कुणाचं नाव वर, यावर पुन्हा तोंडं वाकडी. वरच्या नावाला मान असतो, कारण दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर वरचंच आपोआप सुरू होतं. त्या यादीत मी मला हवी ती नावं लिहू शकत होते. मी वर गोदावरी लिहिलं, खाली महादेव आणि किरण. सायली टाळ्या पिटून म्हणाली, "अज्जी, लिनक्स तुझ्या नावावर!"

गोदावरीबाईंना मी समजावून सांगितलं की त्यांच्या वाट्यातून दोन्ही मुलांचे वाटे दिसतात, पण मुलांना आईच्या वाट्यातलं दिसत नाही. "तसंच असतंय ते," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

चार महिने बरे गेले. सकाळी महादेव, दुपारी किरण, संध्याकाळी सायली. एकदा सायलीनं सांगितलं की कुंडली छापायला कागद कमी पडला तर काका आपला गठ्ठा टेबलावर ठेवून जातो, बोलत मात्र नाही. मला बरं वाटलं. डब्याला माणसं जोडता येत नाहीत, पण एका खोलीत आणता येतात.

मग दसरा आला. अष्टमीच्या संध्याकाळी सायलीचा फोन. कंप्युटर सुरूच होत नव्हता, आतून कटकट आवाज येत होता. "काका म्हणतोय बाबांनी काहीतरी केलं. बाबा म्हणतात काकानं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तो रिक्षातून माझ्याकडे आणला. तिचा प्रोजेक्ट वाचला होता, कारण माझं ऐकून तिनं सीडी काढून ठेवली होती. बाकी दोघांनी ऐकलं नव्हतं. महादेवच्या दोनशेवर पत्रिका आणि किरणचे सगळे फोटो डिस्कबरोबर गेले होते. पण सायली रडत होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी.

"अक्का, दोघांनी बन्नी दिली नाही एकमेकांना. दरसाल अज्जी दोघांना समोरासमोर उभं करते. बोलणं बंद असलं तरी बन्नी देतील, असं आम्ही धरून चाललो होतो. यंदा काका बाहेरच निघून गेला."

आमच्याकडे दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं हातात देताना म्हणतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," पानं घेऊ आणि सोन्यासारखं राहू. वैरीसुद्धा त्या दिवशी पान नाकारत नाही. सायली गेल्यावर मी डबा उघडायला घेतला तो जरा रागानेच. दोघांपैकी ज्यानं केलं त्याला नाव घेऊन सुनवायचं, असं मी ठरवलं होतं.

उजव्या बाजूचा पत्रा काढून उजेडात धरला. घरी ही बाजू भिंतीकडे असायची. त्यावर ताजी अक्षरं होती: 'महादेव' आणि त्यापुढे 'कि'. एवढंच.

ही दोघा भावांची अक्षरं नव्हती. ते विजेच्या मशीननं कोरतात, त्यांची रेघ सलग येते. ही अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची होती, टाकीवर हातोडी मारून एकेक ठिपका उमटवलेली. तसं पूर्वी करायचे. त्या घरात तसं करणारं आता एकच माणूस उरलं होतं. डिस्क नेमकी त्याच पत्र्याच्या आत, चार बोटांवर. चालू डिस्कला साधा धक्का सोसत नाही. इथं तर शंभरभर ठोके बसले होते.

दुपारी जिन्यावर सावकाश पावलं वाजली. गोदावरीबाई माझ्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. हातात कापडी पिशवी. पत्रा टेबलावर उताणा पडला होता, तो त्यांनी पाहिला आणि त्या स्टुलावर बसल्या.

"बघितलीस म्हण की."

"कंप्युटर चालू होता का तेव्हा?"

"टीव्ही काळा होता. मला वाटलं, बंद आहे." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "दोघंबी म्हणत होते, नवमीला पूजेच्या आधी त्याच्यावर नाव घालतो म्हणून. हा वेगळा म्हणाला, तो वेगळा. मी म्हटलं, आधी आपणच दोघांचं घालून टाकू. दोन नावं असली की एकटा कोण उचलणार? लग्न होऊन आले तवा दुकानातली नावं मीच घालायचे गं. 'कि' काढला आणि आतनं उंदीर कुरतडल्यासारखा आवाज आला. भ्याले. ती बाजू पुन्हा भिंतीकडं करून ठेवली."

सुनवायला मी ज्याची वाट बघत होते तो माणूस समोर बसला होता. कुठली कळ दाबायची, बाण कसा खालीवर करायचा, हे मी त्या घरात सगळ्यांना शिकवलं होतं. पडदा काळा असला तरी डबा जागा असतो, हे त्या बाईंना सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"जुना झाला होता, मेला, असं सांग की त्यांना," त्या म्हणाल्या. "इरली बिडु, असू दे. कशाला उगाच."

सोपं होतं ते. मी तसं सांगितलं असतं तर आठवड्यात दोघांनी दोन नवे कंप्युटर नेले असते, तेही माझ्याच दुकानातून. "आई," मी म्हणाले, "मी असं सांगितलं तरी दोघांच्या मनातनं जाईल का, की दुसऱ्यानंच केलं?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "फोन लाव दोघांना."

अर्ध्या तासात दोघे आले. महादेव दाराशी उभा राहिला, किरण खिडकीशी. गोदावरीबाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मी मोडला," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकमेकाला बोलत होता तवा मी ऐकत होते आणि गप्प बसले. ती चूक मोठी." पिशवीतून त्यांनी टाकी आणि हातोडी काढून माझ्यापुढे ठेवली. "हे तू ठेव बाई. पुन्हा हात लागायला नको."

महादेव टेबलाजवळ आला. त्यानं पत्रा उचलला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. दोनशे पत्रिका गेलेल्या माणसाचा चेहरा कसा असेल, याची मी कल्पना करून ठेवली होती. तसा तो नव्हता. किरणही जवळ येऊन वाचू लागला.

"माझं अर्धंच झालंय," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. पण या खेपेला त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं.

महादेवनं टाकी-हातोडी घेतली, जमिनीवर मांडी घातली, पत्रा पुढ्यात ओढला आणि जिथे आईचा हात थांबला होता तिथे टाकीचं टोक टेकवलं. त्यानं हातोडी उचलली, तोच गोदावरीबाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"अरे अरे, आधी बघ! बंद आहे न्हवं ते?"

डबा तर पलीकडच्या टेबलावर उघडा पडला होता, वायरी बाहेर लोंबत होत्या आणि डिस्क माझ्या खणात होती. पहिलं हसू किरणलाच फुटलं. मग तो थोरल्या भावासमोर उकिडवा बसला आणि पत्रा हलू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरला.

"बंद आहे, अण्णा," तो म्हणाला. "मार तू."