मागचं चाक कोणी फिरवलं?

माझ्यावर उभं राहायचं असेल तर आधी खिसे रिकामे करा, मित्रांनो. मी एक जुना वजनकाटा आहे आणि मला कुणाचाच भरवसा वाटत नाही.

हा स्वभाव मी कारखान्यातून घेऊन आलो नाही. तिथे माझ्यावर मापाची वजनं ठेवली, सुई जुळवली आणि मला पुसून खोक्यात घातलं. पुढे मी एका व्यायामशाळेत लागलो. तिथले पैलवान हलक्या गटात बसण्यासाठी एका हाताने हळूच भिंतीचा आधार घ्यायचे, आणि वरच्या गटात जायचं असलं की पोटभर पाणी पिऊन यायचे. तोंडं मात्र साळसूद. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यावर कोण सरळ राहील? मग आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि मी अडगळीत पडलो. तिथल्या राखणदाराने एक दिवस मला काखोटीला मारून आपल्या बहिणीच्या घरी आणलं. तो तिथेच राहायचा. घरात सगळे त्याला मामा म्हणत.

मला आणलं ते त्याच्या भाचीसाठी. ती विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायची, म्हणून गल्लीत तिला 'तारवाली' म्हणत. तिला क्रोन्स नावाचा आजार झाला होता. त्यात आतड्याला सूज येते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषधांनी सूज उतरली होती, पण पोरगी पार वाळली होती. वजन पन्नासावर आल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर तिला कचेरीत बसून तक्रारींचे फोन घ्यावे लागत.

माझा मुक्काम पलंगाखाली. तिथून फक्त पाय दिसतात, त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो. तारवालीच्या तळव्यांना चढून चढून घट्टे पडले होते. ते आता मऊ पडायला लागले होते आणि तिला त्याचंच जास्त दुःख होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "एकदम ताट भरून खाऊ नकोस. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा खा. सालं काढलेलं, मऊ शिजवलेलं. अंडी, मासे सोसतात ना तुला? मग ते रोज हवेतच. आणि वजन आठवड्यातून एकदाच बघ."

आई हे सगळं जिवापाड करायची. बटाटा कुस्करताना एक गाठ राहू द्यायची नाही. तारवाली दर आठवड्याला, सकाळी, काही खाण्याआधी माझ्यावर उभी राहायची. मी आधी तिच्यावरही संशय घेतला. किल्ल्या असतील, पक्कड असेल. पण पोरगी सच्ची निघाली. त्रेचाळीसवरून सुई हळूहळू शेहेचाळीसवर आली, आणि ते वजन खरं होतं.

मग एका दुपारी पलंगापाशी कुणीतरी गुडघे टेकले. पाय दिसले नाहीत. ओलसर बोटं आत आली, त्यांना उकडलेल्या बटाट्याचा वास होता. त्यांनी माझ्या मागचं छोटं चाक मागे फिरवलं. मी तीन किलो कमी दाखवू लागलो. सुई शून्याखाली जात नाही, तिथे खिळा आहे. त्यामुळे रिकामा असताना मी अगदी साजूक दिसायचो.

माझा संशय थेट मामावर गेला. जेवून उठला की तो माझ्यावर चढायचा आणि म्हणायचा, "हा काटा माझ्यावर खार खाऊन आहे." बटाटे आवडायचेही त्यालाच.

पुढच्या वेळी तारवालीला माझ्यावर पुन्हा त्रेचाळीस दिसले. त्या दिवसापासून तिने बाईंचं ऐकणं सोडलं. तळलेलं, तुपकट, मिळेल ते ती कोंबू लागली. शेवटी पोटाने दावा साधला. ती पोट धरून पलंगावर पडली आणि आईचे पाय रात्रंदिवस खोलीत घुटमळू लागले.

जरा बरं वाटल्यावर तिने मला ओढून बाहेर काढलं. तारेला हात लावण्याआधी टेस्टर तपासायचा, ही तिची कामावरची सवय. इतके दिवस ती घरात कशी विसरली कोण जाणे. तिने पिठाची दहा किलोची न फोडलेली पिशवी माझ्यावर ठेवली. सुई सातवर थांबली.

"मामा," ती म्हणाली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी फिरवलं असतं तर तीनवर थांबलो असतो का? चांगले वीस उतरवले असते."

कोणी हसलं नाही. दारातून आई म्हणाली, "मी फिरवलं."

"तू? अगं, वजन वाढावं म्हणून तूच तर भरवत होतीस."

"मनापासून भरवत होते. पण पन्नास झाले की तू परत त्या खांबावर जाणार. तू वर असतेस तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नसतो. वाटलं, बरी हो, पण जरा उशिरा हो. तू असं काहीबाही खाशील, हे नाही आलं गं माझ्या डोक्यात."

तारवालीने पिशवीकडे बोट दाखवलं. "धर ती नीट. चाक मी जुळवते. आणि यापुढे आकडा तू वाचायचास."

पुन्हा मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, बऱ्याच वेळा. अंगात ताकद यावी म्हणून रोज थोडं चालणं. वजन सावकाश चढलं. एका सकाळी आईने वाकून आकडा वाचला, "पन्नास." आवाज कापरा होता, पण आकडा खरा होता.

तारवाली कामावर गेली त्या दिवशी पलंगापाशी पुन्हा गुडघे टेकले. मी मनात म्हटलं, आली आई पुन्हा. पण तिने मला बाहेर ओढलं, पुसलं आणि स्वतःच वर उभी राहिली. मी या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्यावर चढत होती. सुई बेचाळीसवर थांबली, लेक पार वाळली होती तेव्हाच्याही खाली. मी चाक आठवून पाहिलं, आतली स्प्रिंग आठवून पाहिली. चूक कुठेच नव्हती. आई खाली न बघताच उतरली आणि भाजी सोलायला गेली.

मित्रांनो, घरात काटा असेल तर त्याचं चाक अधूनमधून तपासत जा. माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आणि आजाऱ्याचं वजन करून झालं की त्याला भरवणाऱ्या माणसालाही एकदा वर उभं करा. आकडा तुम्ही वाचा, कारण ते माणूस स्वतः तो बघणार नाही.